कालवा बंद करण्याआधी आमची विहीर पाहून जा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. मुठा उजव्या कालव्याचं पाणी पुढे बोगद्यातून जाणार, शहरातून वाहणारा उघडा कालवा बंद होणार, गळती, बाष्पीभवन आणि चोरी थांबून दोन टीएमसीहून (म्हणजे दोन अब्ज घनफुटांहून) जास्त पाणी वाचणार, असं त्यात होतं. रिकाम्या होणाऱ्या जागेत रस्ता करता येईल, अशी चर्चा तर बरीच वर्षं कानावर आहे. बातमी दोनदा वाचली आणि ‘गळती’ या एका शब्दापाशी अडकले. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण आपण छापाल अशी आशा आहे.

मी पर्वती पायथ्याला राहते. जन्म १९५८चा, नारायण पेठेत, नदीच्या अंगाच्या एका वाड्यातला. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात उतरलं, खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. मी तीन वर्षांची होते, मला त्यातलं काही आठवत नाही. आईनं सांगितलेलं आठवतं. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि आईनं काखेत एक गोधडी मारली होती. पितळेची भांडी, देव, शिलाई मशीन, सगळं सोडून गोधडीच का, असं मी तिला मोठेपणी विचारलं. ती म्हणाली, ‘‘पोरीला रात्री कशात गुंडाळू, एवढंच सुचलं बघ.’’ वाडा गेला. पुढे पर्वतीच्या पायथ्याला पूरग्रस्तांच्या घरांमध्ये आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. तिथून कालवा पाच मिनिटांवर.

आई आणखी एक गोष्ट सांगायची. पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, आणि प्यायला पाणी नाही. शहराचं पाणी खडकवासल्यातून यायचं आणि खडकवासला तर रिकामा झालेला. लोक घागरी घेऊन जुन्या विहिरींवर आणि हौदांवर धावले. ज्या विहिरी नळ आल्यापासून कुणी उघडून पाहिल्या नव्हत्या, त्यांचा गाळ काढला, रहाट बसवले आणि पेठा त्यांच्यावर तगल्या. ‘‘नळ आला म्हणून विहीर बुजवू नये,’’ हे तिचं कायमचं वाक्य. ते मी पुढे घेणारच आहे.

कालवा म्हणजे आमच्या तोंडात ‘कॅनॉल’. शाळेत मी मुलांना ‘कालवा’ शिकवला, पण घरी आजही कॅनॉलच म्हणते. खडकवासल्याचं धरण इंग्रजांनी १८७०च्या दशकात बांधलं, जलाशयाला कर्नल फाइफ या इंजिनिअरचं नाव दिलं आणि तिथून हा कालवा काढला. एकीकडे छावणीला आणि शहराला पाणी, दुसरीकडे पूर्वेच्या कोरड्या मुलखाला. आज पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसीची साखळी आहे, आणि तिचं पाणी या कालव्यानं हडपसर, लोणी, उरुळी, यवत करत पार दौंड-इंदापूरपर्यंत जातं. धरणाच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. ते मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवायचे, आणि मुलांना त्याचं फार नवल वाटायचं.

पण आमच्या कॅनॉलची खरी ओळख पुस्तकातली नाही. ती भाद्रपदातली आहे. गणपती गेले की पितृपंधरवडा लागतो आणि घटस्थापनेच्या आत घर धुऊनपुसून लख्ख झालं पाहिजे. डबे उतरवायचे, भिंती झाडायच्या, आणि शेवटी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या. आता जाड गोधडी काही न्हाणीघरात धुता येत नाही. बादलीत मावत नाही, आणि भिजली की एकट्या बाईला उचलत नाही. म्हणून पर्वती पायथा, दांडेकर पूल, दत्तवाडी, पानमळा, या सगळ्या भागातल्या बायका कॅनॉलवर यायच्या. पंधरा दिवस काठावर जत्रा असायची.

आदल्या रात्री आई पिंपात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून गोधड्या भिजत टाकायची. सकाळी त्या निथळून, बोचकं बांधून डोक्यावर घ्यायची. वाटेत पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. पुलापाशी दगडी पायऱ्या होत्या. तिथली जागा मिळावी म्हणून साडेसहाला निघावं लागे. पायरीवर गोधडी पसरायची, साबणाची वडी उभी-आडवी फिरवायची, धोपाटण्यानं बडवायची. धोपाटणं मधोमध पडलं की पाणी चारी बाजूंनी फुटायचं, आणि वर्षभराचा घाम, तेल, धूर, बाळांचं सगळं त्यातून काळं होऊन निघायचं. मग खरी मजा. गोधडीची दोन टोकं आईच्या हातात, आणि गोधडी प्रवाहात सोडून द्यायची. पाणी तिच्याखाली शिरून तिला फुगवायचं. लाल, जांभळी, हिरवी ठिगळं पाण्यावर उलगडायची. आईच्या लग्नातलं लुगडं, आजीचं धुवट पातळ, वडिलांच्या जुन्या धोतरांचं अस्तर, सगळं तिथं ओळखू यायचं. पाणी स्वच्छ यायला लागलं की ओढून घ्यायची. पिळायला दोघी लागायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. एकीनं एका दिशेला पिळायचं आणि दुसरीनं उलट दिशेला. शेजारच्या काकू आणि आई समोरासमोर उभ्या राहून पिळायच्या तेव्हा दोघींच्या मनगटांच्या शिरा तटतटून यायच्या. पिळून झालं की भरावावरच्या घाणेरीच्या झुडपांवर गोधड्या वाळत घालायच्या. संध्याकाळपर्यंत घाणेरीचा उग्र वास त्यात बसायचा. मला अजून नवरात्र म्हटलं की उदबत्तीच्या आधी तो वास येतो.

एक परीट तिथं नेहमी असायचा. परीट म्हणजे पक्षी, शेपूट वरखाली करत पायरीपायरीनं फिरणारा. आई म्हणायची, तो आमच्याबरोबर धुणं धुतो.

१९६९ साली, मी अकरा वर्षांची असताना, पुरातून काखेत आलेली ती गोधडी माझ्या हातून सुटली. आईनं फक्त क्षणभर धर म्हणून टोक माझ्याकडे दिलं होतं. पाण्यानं ओढ घेतली, सोड्यानं बुळबुळीत झालेलं कापड मुठीतून निसटलं. आई ओरडली, मी काठाकाठानं धावत सुटले. गोधडी आधी तरंगत होती, मग अर्धी बुडाली, फक्त एक कोपरा वर दिसत होता. स्वारगेटच्या अलीकडे एका पुलापाशी पाटकरी, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर देखरेख करणारा माणूस, उभा होता. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल, हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला लोखंडी आकडी. कालव्यात वाहून आलेल्या फांद्या, पेंढा वगैरे ते त्यानं काढत. त्यांनी मला रडत धावताना पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता आकडी टाकली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा कोपरा अडकला. एवढी जड गोधडी त्यांनी एकट्यानं भरावावर ओढली, नि मग मला विचारलं, ‘‘कुणाची गं तू?’’ सांगितलं. तर म्हणाले, ‘‘आईला म्हणावं, टोकाला दोरी बांध नि दोरी दगडाला बांध. पाण्याला हात पुरत नाही.’’

आकडीनं लुगड्याला वीतभर चीर पडली होती. आईनं त्यावर पिवळं ठिगळ लावलं. ती गोधडी आज माझ्याकडे आहे, ठिगळासकट. पुढच्या वर्षापासून आमच्या सगळ्या गोधड्यांना दोरी असायची, आणि आमचं पाहून काठावरच्या निम्म्या बायका तशी बांधायला लागल्या. त्या पाटकरीकाकांना आई दिवाळीला फराळाचं नेऊन द्यायची. पाणी किती सोडलंय, कधी बंद होणार, पुढचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पुढची पाळी, केव्हा, हे त्यांच्याकडून कळायचं. ‘‘आवर्तन’’ हा शब्द मी शाळेत शिकले नाही, त्यांच्याकडून शिकले.

माझी आत्या यवतला दिली होती. तिच्याकडे पावणेदोन एकर ऊस, याच कालव्याच्या पाण्यावर. सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो की ती चारीवर नेऊन पाणी दाखवायची आणि वडिलांना म्हणायची, ‘‘दादा, बघ, तुझ्या घरावरनं आलंय.’’ पण ते पाणी तिच्याकडे येईपर्यंत किती रोडावलेलं असायचं तेही मी पाहिलंय. वरच्यांनी घेतलं, मध्ये मुरलं, रात्री कुणी मोऱ्या उघडल्या, आणि आत्याची पाळी आली की चारीत टाचभर पाणी. तिनं रात्र रात्र चारीवर बसून काढल्यात, हातात कंदील आणि खोऱ्या घेऊन. दोन हंगाम ऊस वाळला तेव्हा ती जेवायची नाही. म्हणून सांगते, बोगद्यानं शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार असेल तर बोगदा व्हावा. शहरात बसून मी त्याला विरोध करणं बरोबर नाही.

आणि कालव्यानं माणसंही नेलीत. माझ्या वर्गातला एक मुलगा, तिसरीतला, मे महिन्याच्या सुट्टीत पोहायला उतरला तो परत आला नाही. उतार गुळगुळीत, पाय ठरत नाही, वर यायला धरायला काही नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरी घेताना त्याचं नाव ओठांवर आलं आणि मी पुढचं नाव घेऊ शकले नाही. ज्यांना कालवा बंदच हवा आहे त्यांची बाजू मला कळते.

२७ सप्टेंबर २०१८ला कालवा फुटला तेही मी पाहिलंय. जनता वसाहतीजवळ भिंत गेली आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत, सिंहगड रस्त्यावर घुसलं. उंदीर-घुशींनी भराव पोखरला, केबलसाठी खोदाई झाली, अशी बरीच कारणं तेव्हा पुढे आली. मला त्यातलं तांत्रिक कळत नाही. मला त्या दिवसाचा महिना कळतो. अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते, पितृपंधरवडा होता, म्हणजे गोधड्यांचेच दिवस. दुसऱ्या दिवशी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी गेले. आता तिला दोन मुलं आहेत. भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. शेगडी उलटी पडलेली, मुलांची दप्तरं फुगलेली, आणि दारात गोधड्यांचा ढीग, त्याच कालव्याच्या पाण्यानं भिजलेला. ती नि मी एक गोधडी पिळायला लागलो. पिळून पिळून चिखलच येत होता. धुवायला नळाला पाणी नव्हतं. शेवटी टेंपोत घालून तिच्या अकरा गोधड्या मी आमच्या सोसायटीत आणल्या आणि विहिरीच्या पाण्यानं धुतल्या.

आता विहिरीबद्दल. सगळं पत्र मी यासाठीच लिहायला घेतलं आहे.

आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुनी दगडी विहीर आहे. वसाहत होण्याआधी इथं मळे होते, त्या काळातली. घडीव दगडाचे थर, एका बाजूला उतरायला दगडी कड्या. वर आता लोखंडी जाळीचं झाकण बसवलंय. शेजारच्या तीन इमारतींनी विहिरी बुजवून पार्किंग केलं. आमच्याकडेही ठराव आला होता. आई तेव्हा हयात होती. ती सभेत उभी राहिली आणि पुरानंतर हौदावर रांग कशी लागली होती ते तिनं सांगितलं. ठराव पडला. पाणीकपात लागली की आमच्या चाळीस बिऱ्हाडांचं धुणं, भांडी, संडास, बागेचं पाणी या विहिरीवर चालतं. टँकर आम्ही आजवर एकदाही मागवलेला नाही.

या विहिरीला कालवा कळतो. लहानपणापासून आम्हाला हे माहीत होतं. कॅनॉल सुटला की विहीर चढते, बंद झाला की उतरते. २०१६ साली मी निवृत्त झाले आणि शाळेतून उरलेला एक कोरा हजेरीपट घरी आणला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी जाळी उघडते, बॅटरीचा झोत टाकते आणि कठड्यापासून पाण्यापर्यंत दगडाचे किती थर दिसतात ते मोजून लिहिते. शेजारच्या रकान्यात कालव्याला पाणी आहे की नाही. पावसाळ्यातले आकडे मी बाजूला ठेवते, कारण तेव्हा पाऊसही मुरतो. पण मार्च ते मे या तीन महिन्यांत पाऊस कुठला? तरी उन्हाळी आवर्तन सुटण्याआधी चौदा थर दिसत असतात आणि कालवा वाहायला लागून आठ-दहा दिवस झाले की अकरा. आवर्तन संपलं की पुन्हा हळूहळू तेरा, चौदा. दरवर्षी हेच. कालवा फुटल्यावर दुरुस्तीसाठी पाणी थांबलं तेव्हाही पाणी खाली गेलं, आणि तीही नोंद आहे. एका वर्षी पंधरावा थर दिसला होता. त्या वर्षी खाली उतरून गाळ काढला, तर तळाशी पश्चिमेच्या, म्हणजे कालव्याच्या अंगाच्या झऱ्यातून पाणी येताना दिसलं. पूर्वेकडचे झरे कोरडे होते.

मी इंजिनिअर नाही. पण एवढं समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. कालव्यातून जे ‘गळतं’ ते नाहीसं होत नाही. ते खाली मुरतं आणि आमच्यासारख्या विहिरींत, बोअरमध्ये, काठच्या उंबराच्या, करंजाच्या मुळांत निघतं. बाष्पीभवन गेलं ते गेलं, चोरी ती चोरी. पण गळती त्यांच्याबरोबर एकाच बेरजेत धरून ‘वाचलेलं पाणी’ म्हणायचं हे मला पटत नाही. ते पाणी आज कुणीतरी वापरतंय. दीडशे वर्षं वापरतंय. उद्या ते बोगद्यातून गेलं की या विहिरी आटतील, बोअर खोल जातील, आणि ही सगळी बिऱ्हाडं पुन्हा महापालिकेकडेच टँकर मागतील. मग तो टँकर कुठलं पाणी आणणार? त्याच धरणाचं. तेव्हा दोन टीएमसीतून हे वजा केलंय का, एवढंच माझं विचारणं आहे.

माझी मागणी साधी आहे. बोगद्याचं पाणी सुरू होण्याआधी किमान दोन उन्हाळी आवर्तनं कालव्याच्या दोन्ही काठांवरच्या विहिरी आणि बोअर मोजा. कालवा बंद असताना एकदा, वाहता असताना एकदा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पुण्यातच आहे, त्यांच्याकडे माणसं आणि साधनं आहेत. सोसायट्या मदत करतील. माझ्यासारख्या निवृत्त बायका आनंदानं वही धरतील. त्या मोजणीत माझं म्हणणं खोटं ठरलं तर मी मान्य करीन. खरं ठरलं तर शहरातल्या कालव्यात थोडं तरी पाणी वाहतं ठेवा. आवर्तनाएवढं नको, गुडघाभर पुरे. बुडायची भीती नाही, आणि जमिनीला तिचं पाणी मिळेल. प्यायचं पाणी त्यासाठी द्यायचं नसेल तर ओढ्यांचं, पावसाचं पाणी नीट गाळून आणता येईल का, हे जाणत्यांनी पाहावं. सांडपाणी मात्र नको. यवतला आत्याचे नातू मुंढव्याहून शुद्ध करून कालव्यात सोडलेल्या सांडपाण्याबद्दल काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे.

आणि त्या जागेवर रस्ता करू नका. वडगाव, हिंगण्यापासून स्वारगेटच्या पुढेपर्यंत ही शहरातली एकच अशी सलग पट्टी आहे जिथं सिग्नल न लागता माणूस चालत जाऊ शकतो. पहाटे पाच वाजता पानमळ्याच्या बाजूला येऊन पाहा. मधुमेहाचे रोगी, भाजीवाल्या, भरतीची तयारी करणारी पोरं, सगळे तिथंच धावताना-चालताना दिसतील. सिंहगड रस्त्याला पर्याय हवा हे खरं, मीही त्या गर्दीत बसमध्ये तास तास उभी असते. पण एकदा डांबर पडलं की खाली काही मुरायचं नाही, आणि झाडं तर आधीच जातील.

आज त्या पायऱ्यांवर कुणी गोधडी धुवायला जात नाही. पाण्यात निर्माल्याच्या पिशव्या, प्लॅस्टिक, कुठून कुठून आलेलं गटार. कठडे, कुंपणं झाली आहेत. धुणारी पिढीही संपत आली. माझी सून गोधड्या लाँड्रीत देते, दरवर्षी त्याचे पैसे वाढतात. आईची गोधडी मात्र मी लाँड्रीत देत नाही. पितृपंधरवड्यात आमच्या विहिरीचं पाणी मोटरनं गच्चीवर चढवते, मोठ्या घमेल्यात ती भिजवते, आणि पिळायला नातवाला बोलावते. त्याला उलटीकडे पिळायचं असतं हे अजून लक्षात राहत नाही. दरवर्षी तो माझ्याच दिशेनं पिळतो आणि गोधडी जशीच्या तशी राहते. मग मी त्याला पुन्हा दाखवते.

पाटबंधारे खात्यातले, महापालिकेतले किंवा भूजल यंत्रणेतले जे कुणी हे पत्र वाचतील, त्यांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. उन्हाळी आवर्तन सुटण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा या आणि सुटल्यावर दहा दिवसांनी पुन्हा एकदा. मोजायला टेप तुमचा आणा, माझे थर ग्राह्य धरू नका. झाकणाची किल्ली माझ्याकडे असते आणि हजेरीपट कपाटात वरच्या खणात आहे. शक्यतो सकाळी आठच्या आत या, कारण त्यानंतर बागेची मोटर सुरू होते आणि पाणी हलतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पर्वती पायथा, पुणे ९